अवसेची कवळी

अंकुश गेल्याची बातमी मला कुणी फोन करून दिली नाही. तशी देण्यासारखं आमचं नातं उरलंच नव्हतं. मंगळवारी सकाळी चौसाळ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते, खालची कवळी टोचते म्हणून आलेले. मी कवळी काढून हातात घेतली आणि न विचारताच समजलो की ही कुणाच्या हातची. बाहेरून सगळेच चकचकीत करतात. आतली, हिरडीला टेकणारी बाजू, जी कधी कुणी बघत नाही, तिची कड इतक्या निगुतीनं गोल करणारा माणूस आमच्या जिल्ह्यात एकच. “मग अंकुश मिस्त्रींकडूनच घासून घ्यायची की,” मी जरा तिरकसपणेच म्हटलं. म्हातारबांनी बोळक्या तोंडानं माझ्याकडं पाहिलं. “त्यो कुठं राह्यलाय आता. शनवारी गेला. काल राख सावडली की.” मी कवळी घासत राहिलो. किती घासली कोण जाणे... नंतर पाहिलं तर कड गरजेपेक्षा जास्त गेली होती. पुन्हा या, भर घालून देतो, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. त्या दिवशी पुढच्या तीन पेशंटांवर मी उगाचच खेकसलो.

त्याला आता चार आठवडे झाले. या पुरवणीत मी अधूनमधून दातांविषयी लिहितो, म्हणून हे लिहायचं माझ्याकडं आलं, असं वाचकांना वाटेल. तसं नाही. कसं ते पुढं येईलच. सध्या एवढंच सांगतो की बसतो, दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीशी जातो, परत बसतो. माझी बायको म्हणते, एवढे फिरलात तेवढ्यात चौसाळ्याला जाऊन आला असतात. तिचंही बरोबर आहे.

अंकुश मूळचा साखर कारखान्यातला फिटर. आमच्याच भागातला सहकारी कारखाना, माझे चुलते तिथं संचालक. एका वर्षी पावसानं दगा दिला, ऊस पुरला नाही, गाळप लवकर आटोपलं आणि वर्कशॉपमधल्या हंगामी लोकांना घरी बसवलं. चुलत्यांनी त्याला माझ्याकडं धाडलं ते ‘पोरगा गुणी आहे, हात चांगलाय, काहीतरी काम दे’ एवढ्या चिठ्ठीवर. बीडला एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर माझा दवाखाना नुकता सुरू झालेला, मागची खोली लॅबसाठी रिकामी. मी त्याला म्हटलं, दातांतलं काही कळतं का? तो म्हणाला, “दातातलं न्हाई कळत सायेब, पन फिटिंग कळतंय.” आणि खरोखरच, सहा महिन्यांत तो अशा कवळ्या करायला लागला की मी पुण्याला काम पाठवणं बंद केलं. स्वतःची कानस मात्र त्यानं कारखान्यातून आणलेलीच वापरली. दाताच्या लॅबमधली नाजूक अवजारं त्याला खेळण्यातली वाटायची.

मी शिकून आलो होतो ते वाकडे दात सरळ करायचं, पण माझा खरा जीव होता तो एका वेगळ्याच उपचारात. जन्मतःच ओठ आणि टाळू दुभंगलेलं बाळ असतं ना, त्याच्या वरच्या हिरडीचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि नाकपुडी एका बाजूला पसरलेली असते. ओठ शिवायचं काम सर्जनचं, तेही काही महिन्यांनी. पण त्या आधीच्या महिन्यांत बाळाचं हाड आणि नाकाची कूर्चा मऊ असते, वळवाल तशी वळते. तेवढ्या मुदतीत टाळूला बेतून एक छोटी अ‍ॅक्रिलिकची प्लेट बसवायची, तिची ओठातून बाहेर येणारी दांडी रबरानं आणि गालावरच्या चिकटपट्ट्यांनी धरून ठेवायची, आणि दर आठवड्याला प्लेट आतून एका बाजूला जराशी घासायची, दुसऱ्या बाजूला जराशी भर घालायची. जराशी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही. असं करत करत ते दोन तुकडे जवळ येतात, फट लहान होते, आणि सर्जनला ओठ ओढाताण न करता शिवता येतो. पण दर आठवड्याला यावं लागतं. हे ‘दर आठवड्याला’ फार महत्त्वाचं, कारण पुढं सगळं तिथंच अडलं.

बाळाच्या तोंडाचं माप घेणं हा माझ्यासाठी नेहमीच घाम फोडणारा प्रकार. बाळ पालथं धरायचं, तोंडात मापाचा मसाला भरलेला चमचा धरायचा, आणि ते रडत राहिलं पाहिजे. रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. रडणं थांबलं की मी चमचा ओढून काढायच्या बेतात. अंकुश बाळाला दोन्ही तळव्यांवर तोलून धरायचा आणि त्याच्याशी बोलत राहायचा. “रड, रड. लई झ्याक रडतंय. आजून रड.” बाहेर बसलेली आई हे ऐकून घाबरायची, आणि मी आत घामाघूम. माप निघालं की तो बाळाचं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसायचा. मला हे आवडायचं नाही, रुमाल कितपत स्वच्छ म्हणून. मी तसं सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खिशात दोन रुमाल असायचे.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट. तीन-चार बाळांच्या गालावरच्या पट्ट्या टिकेचनात. आया शपथेवर सांगायच्या, आम्ही नीट लावल्या. मी चिकटपट्टीची कंपनी बदलली, पट्ट्या रुंद केल्या, आयांवर चिडलो, काही उपयोग नाही. एकदा अंकुशनं गळून पडलेली पट्टी नाकाशी नेली आणि हसायला लागला. तेल. आमच्याकडं बाळाला सकाळ-संध्याकाळ तेल जिरवतात, तेही डोक्यापासून पायापर्यंत, घरातली जाणती बाई बसून. बाळंतिणीनं डॉक्टरचं ऐकायचं म्हटलं तरी सासूपुढं तिचं काय चालणार? “तेलावर पॅकिंग बसतंय का सायेब,” तो म्हणाला. मी त्या बायांना तेल बंद करा असं बजावणार होतो. तो म्हणाला, ते त्या ऐकायच्या नाहीत. त्यानं त्यांना काजळाची तीट लावायला सांगितली, दोन्ही गालांवर मोठी, आणि म्हणाला, तीट पुसली जाता कामा नये. तीट पुसायची म्हणजे दृष्ट लागायची, त्यामुळं गालाला कुणी तेलाचा हात लावेना. पट्ट्या तिटेच्या शेजारी छान चिकटायला लागल्या. मी ही युक्ती पुढं एका परिषदेत सांगितली. माझी म्हणून सांगितली, असं आता आठवतंय.

मग ते दुष्काळाचं साल आलं. पाऊस मृगात थोडा पडला आणि नंतर जो गेला तो गेलाच. दवाखान्यात पेशंटला चूळ भरायला घरून बाटलीत पाणी आणायला सांगावं लागायचं. प्लास्टरचे साचे कालवायलासुद्धा पाणी लागतं. अंकुश एका कळशीत दिवस काढायचा आणि साचे धुतलेलं पांढरं पाणी निवळून परत वापरायचा. त्याच वर्षी गौरी-गणपतीच्या सुमाराला धारूरच्या घाटाखालच्या एका गावातून मंगल नावाची बाई पंधरा दिवसांची मुलगी घेऊन आली. वयानं विशीतली, नवरा बाळू सोबत, दोघंही दर हंगामाला ऊसतोडीला जाणारे. मुलीची फट रुंद होती, डावीकडची, अगदी नाकापर्यंत. गावात बायका तिला सांगत होत्या की गिऱ्हानात तू विळा हातात धरला असशील. ती मला विचारत होती, खरं हाय का? मी म्हटलं, काही खरं नाही, तुझी काही चूक नाही. तेवढं एक मी तिच्याशी नीट बोललो, असं म्हणायला हरकत नाही.

आमचं ठरलं असं की दिवाळीपर्यंत दर आठवड्याला यायचं, आणि नंतर या जोडप्याची टोळी आमच्याच सहकारी कारखान्याच्या कार्यक्षेत्रात लावून घ्यायची, म्हणजे हंगामातही आठवड्याला बीडला येता येईल. “मी चुलत्यांना सांगतो, काळजी करू नकोस,” असं मी तिला सांगितलं. फार सहज सांगितलं. मुलीची प्लेट बसली, दूध नाकातून यायचं थांबलं, वजन भरायला लागलं. फट दर आठवड्याला डोळ्यांना दिसेल इतकी कमी होत होती. मंगलनं एकही खेप चुकवली नाही. धारूरहून एस.टी.नं यायची, पदराखाली मुलगी, पिशवीत माझ्यासाठी पाण्याची बाटली, कारण मीच तसं सांगून ठेवलं होतं.

दिवाळी संपली आणि कळलं की आमच्या कारखान्याचा बॉयलर यंदा पेटायचाच नाही. गाळायला ऊसच नव्हता. चुलते म्हणाले, संचालक असून काय करू, वावरात चिपाड उभं नाही. टोळी कोल्हापूरकडच्या एका कारखान्याला निघाली. मंगल हे सांगायला आली ती घाबरत घाबरतच. म्हणाली, जावंच लागतंय, आठ दिवसांनी निघायचंय. आता जे घडलं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी तिच्यावर भडकलो. ऊस मोठा का लेकरू मोठं, असं विचारलं. हे हाड आत्ताच वळतं, चार महिन्यांनी आलीस तर दगड झालेला असेल, म्हटलं. दवाखान्यात आठ-दहा माणसं बसलेली होती. बाळू खाली मान घालून चपलेकडं बघत होता. मग मी मुलीला खुर्चीत घेतलं, तिच्या गालावरच्या पट्ट्या सोडवल्या आणि प्लेट काढून ट्रेमध्ये टाकली. देखरेखीशिवाय प्लेट तोंडात ठेवणं धोक्याचं असतं, हे खरंच आहे. पुस्तकात तेच लिहिलंय. पण मी ती काढली ती पुस्तकासाठी नाही. मी दिलेला शब्द पाळता आला नव्हता, आणि त्याचा राग मी त्या बाईवर काढत होतो. “जायचं तर जा,” मी म्हटलं, “पण मग परत माझ्या दारात येऊ नकोस.” मंगलनं मुलीचं तोंड झाकलं आणि दोघं जिना उतरून गेली. अंकुश लॅबच्या दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं निरोप धाडला, ताप आलाय, तीन दिवस येत नाही. चौथ्या दिवशी आला. ताप उतरलेल्या माणसासारखा काही दिसला नाही, पण मी विचारलं नाही. नंतर महिना-सव्वा महिना गेला. दत्तजयंती होऊन दोन दिवस झाले असतील, दवाखान्यातला फोन वाजला, मीच उचलला. पलीकडून बाळूचा आवाज. कुठल्याशा बूथवरून बोलत होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज. त्याला वाटलं शिपायानं उचललाय. “मिस्त्री हायत का? त्येंना सांगा, तीन खाचाची कवळी रुततीय. पोरगी दूध घेईना झालीय.” मी म्हटलं, कसली कवळी? पलीकडून फोन बंद झाला.

लॅबमध्ये गेलो. अंकुश कवळीला पॉलिश करत होता. विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. मंगलच्या मुलीचा प्लास्टरचा साचा लॅबमध्ये होताच. त्याच्या त्यानं रात्री बसून प्रती काढल्या, प्रत्येक प्रत फटीवर बारीक करवतीनं कापली, दोन तुकडे आधीच्यापेक्षा जरा जवळ आणून मेणानं जोडले आणि त्यावर एकेक प्लेट केली. अशा चार. पुढच्या दोन महिन्यांत हाड किती सरकेल, बाळ किती वाढेल, याचा अंदाज त्यानं माझ्या आठवड्याच्या नोंदी बघून बांधला होता. प्रत्येक प्लेटच्या दांडीवर कानशीनं खाचा पाडल्या, एक, दोन, तीन, चार. दर पंधरवड्याला पुढची. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी नाही. मी म्हटलं, मग तू कोण डॉक्टर लागून गेलास? त्यानं मशीन बंद केलं. “लेकराचं हाड वाट बगत न्हाई, हे तुमीच सांगत आसता सायेब. म्या काय नवीन केलं?” या वाक्यानं माझं डोकं जास्तच फिरलं. मी म्हटलं, तिकडं पोर दूध पीत नाही तुझ्यामुळं. ते ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. त्यानं पिशवीत कानस टाकली, थोडा मसाला घेतला, आणि बाळूच्या कारखान्याला कुठली एस.टी. जाते एवढंच विचारत खाली उतरला. मी जिन्यावरून ओरडलो, गेलास तर लॅबची किल्ली ठेवून जा. तो परत वर आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा मी दार उघडलं नाही.

पुढच्या वर्षांत मी लोकांना सांगत राहिलो की मिस्त्रीची मापं चुकली. लॅबवाले विचारायचे, एवढा चांगला माणूस का सोडला? मी म्हणायचो, आगाऊपणा केला, एका बाळाच्या हिरडीला जखम केली. हे सांगताना मला बरं वाटायचं. तो चौसाळ्याला हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत कवळ्या करायला बसला आणि त्याचं बरं चाललं. आमच्या वाटा मात्र फिरून फिरून बीडच्या स्टँडवरच भेटायच्या. तो हात वर करायचा, मी मान हलवायचो, कधी तेही नाही.

आणि मधल्या काळात काय झालं होतं? त्याच हंगामात, शिवरात्रीच्या आगेमागे, ऊस लवकर संपला म्हणून टोळ्या लवकर परतल्या, आणि मंगल मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. ज्या दारात येऊ नकोस म्हणून मी सांगितलं होतं, त्या दारात. कसलाही संकोच नाही, आल्या आल्या पाया पडली. मी मुलीचं तोंड उघडून पाहिलं आणि थक्क झालो. फट जवळजवळ मिटली होती. नाकपुडी मात्र बसकीच होती, कारण अंकुशनं प्लेटला नाक उचलणारी तार लावली नव्हती. त्या वेळी मी मनात म्हटलं, बघा, अर्धवट काम. ती तार देखरेखीशिवाय इजा करू शकते, आणि म्हणूनच त्यानं ती सोडून दिली होती, हे समजायला मला फार वर्षं लागली. किती करायचं आणि कुठं थांबायचं हे त्याला कळत होतं. मी चिठ्ठी देऊन तिला औरंगाबादच्या सर्जनकडं पाठवलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. सर्जननी मुद्दाम फोन केला, तुमचं मोल्डिंगचं काम अप्रतिम आहे म्हणाले. मी म्हटलं, धन्यवाद. मुलीचे आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो मी फ्रेम करून दवाखान्यात लावले. मंगल घाबरली का नाही, चिडली का नाही, पाया का पडली, याचा मी विचारच केला नाही. गरीब माणसं अशीच असतात, असं काहीतरी मनाशी म्हटलं असेल.

तीनेक वर्षांपूर्वी अंकुश एकदा दवाखान्यात येऊन गेला. मी आत रूट कॅनालमध्ये गुंतलेलो होतो. बाहेर आलो तोवर तो गेला होता. काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं, ते फोटोंपुढं बराच वेळ उभे होते, मग हसले आणि म्हणाले, चालू द्या त्यांचं, घाई न्हाई. काय काम होतं ते सांगितलं नाही. त्याला मला काही सांगायचं होतं का, की सहज चढला जिना... हा प्रश्न आता मला सोडत नाही. त्या दिवशी मी हातातलं काम पाच मिनिटं थांबवू शकलो असतो. गालात सुई दिलेली होती, पेशंट थांबला असता.

दहाव्याला मी चौसाळ्याला गेलो. जावं की नाही हे सकाळपर्यंत ठरत नव्हतं. विधी आटोपून लोक पांगले होते, मी घरी गेलो. कौसल्यावहिनी, अंकुशची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी बसायला सतरंजी सरकवली. त्यांच्याशेजारी एक चाळिशीची बाई आणि एक तरुण मुलगी. मुलीच्या वरच्या ओठावर बारीक सरळ रेघ आणि डावी नाकपुडी जराशी बसकी. मी आधी काम ओळखलं, मग माणूस. ती मंगलची मुलगी, शीतल. धारूरच्या कॉलेजात शिकते.

मंगल बोलायला लागली ती थांबेना. मला वाटतं तिला वहिनींना धीर द्यायचा होता, आणि माझ्या येण्यानं तिला निमित्त मिळालं. ती म्हणाली, मिस्त्रींनी सांगितलं होतं, एक खाच आज, दोन खाचा अवसेला, तीन पुनवेला, चार परत अवसेला. तारखा तिला कळत नाहीत, म्हणून त्यानं चंद्रावर हिशेब बसवला. हुशारीच केली, पण एक विसरला. “अवसेला लेकराच्या आंगाला नवं लावत न्हाईत ना,” मंगल म्हणाली. “म्या दोन खाचाची तशीच ठिवली. म्हटलं अवस टळली, आता पुनवेला तीनची लावावी. तीच रुतली. चूक माझी व्हती, डॉक्टर. त्येंची मापं काट्यावर व्हती.” तो उसाच्या फडावर पोचला, एका नजरेत त्याला कळलं. तो तिच्यावर रागावला नाही, कपाळाला हात लावून स्वतःशीच हसला म्हणे. मग त्यांच्या पाचटाच्या कोपीपुढं बसून त्यानं अवसेची ती दोन खाचांची कवळी तिच्याकडून मागून घेतली, कानशीनं दोन ठिकाणी घासून बसवली, आणि पुढचा नेम अवस सोडून दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, असा बदलून दिला. पोरगी नीट दूध घेईपर्यंत दोन दिवस तिथंच राहिला. मंगलला पोरीजवळ बसता यावं म्हणून तिच्या जागी मोळ्या बांधायला उभा राहिला. बांधायला येत नव्हत्या, मोळी डोक्यावर घेतली की सुटायची, सगळी टोळी हसायची, आणि हाही हसायचा. जन्मभर कारखान्यात ऊस पाहिला, पण पानं हाताला कापतात हे आज कळलं, असं म्हणाला.

एवढं सांगून मंगल माझ्याकडं वळली. “तुमी त्या दिवशी लई बोल्लात. म्या रडत उतरले जिना. पन तिसऱ्या दिवशी मिस्त्री धारूरला आलं, कवळ्या हातात दिल्या आन म्हनलं, सायबांनी धाडल्यात, राग धरू नको. तवाच म्हनलं, मानूस रागाचं हाय, मनाचं वाईट न्हाई.” मी वहिनींकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि मंगलला चहा घे म्हणाल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. म्हणजे त्या बाईला मी दारातून हाकललं, आणि त्यानं मला तिच्या मनात परत आणून बसवलं. म्हणून ती पाया पडली होती. माझा चांगुलपणा त्यानं स्वतःच्या हातानं तयार केला आणि बसवून दिला, आणि मी त्याला कामावरून काढलं.

निघताना शीतल दारापर्यंत आली. म्हणाली, “काका, आम्ही तुमची पुरवणी वाचतो. मिस्त्रीबाबांवर लिहा की. आणि तुम्ही त्यांच्या हाती कवळ्या पाठवल्या होत्या, ते पण लिहा. आई नेहमी सांगते.” मी मान हलवली. हो म्हणालो. गाडीत बसेपर्यंत ती तिथंच उभी होती, आणि मला परत जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. मी गाडी सुरू केली.

तिनं सांगितला तसा लेख मी लिहिलाही. त्यात एक तापट पण कनवाळू डॉक्टर होता, त्याचा विश्वासू मिस्त्री होता, दोघांनी मिळून केलेली गोष्ट होती. वाचायला चांगला झाला होता. संपादकांना पाठवायचा म्हणून पाकिटात घातला, परत काढला, फाडला. दुसऱ्यांदा लिहिला, त्यात कवळ्या कुणी पाठवल्या ते वाक्य शिताफीनं गाळलं होतं. तोही फाडला.

शीतल, हा तिसरा आहे, आणि तू वाचशील म्हणून सरळ लिहितो. तुझ्या आईला मी जे बोललो ते खरंच बोललो. त्यानंतर मी काहीही पाठवलं नाही. तुझ्या तोंडातली प्लेट मी माझ्या हातानं काढून घेतली होती. त्या चारही कवळ्या अंकुशनं आपल्या मनानं केल्या, बरोबर केल्या. सर्जनची शाबासकी मी घेतली, आणि तुझे फोटो दवाखान्याच्या भिंतीवर माझं काम म्हणून टांगले. मापं चुकली असं मी त्याच्याबद्दल गावभर सांगत फिरलो, तेही खोटं. तुझ्या आईला हे वाचून दाखव. सावकाश वाच, गाळू नकोस. मी तिला एकदा सांगितलं होतं की परत माझ्या दारात येऊ नकोस. तरी ती आली, कारण तिला वाटलं होतं की मी ते शब्द मागं घेतले. ते मागं घेणारा मी नव्हतो. आता हे ऐकल्यावर यायचं की नाही, ते तिनं ठरवावं.